उसना श्वास : ब्लोअर बेंटलीची कथा आणि दंतकथा

१/
जून १९३०. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांची शर्यत सुरू होऊन फार वेळ झालेला नाही. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर रुडॉल्फ काराचिओलाची मर्सिडिझ पुढे धावते आहे आणि तिच्या मागे सर हेन्री 'टिम' बर्किनची बेंटली आहे. वाट मिळत नाही असे दिसताच बर्किन आपली चाके कडेच्या गवतात घालतो. एका टायरवरची रबराची पट्टी सुटून उडते. तरीही तो पुढे निघून जातो.
प्रसंग खरा आहे. त्यावर उभारलेली दंतकथा मात्र तपासून घ्यावी लागते.

२/
दंतकथा अशी की, 'ब्लोअर' या नावाने ओळखली जाणारी ही सुपरचार्जरयुक्त बेंटली तिच्या काळातील सर्वश्रेष्ठ इंग्रज शर्यतगाडी होती, आणि केवळ दैवाने तिला हुलकावणी दिली. वस्तुस्थिती एवढीच की, या गाडीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. दोष दैवाचा नव्हता. सुपरचार्जर या यंत्राचाही नव्हता. एका विचाराने घडवलेल्या इंजिनाला दुसऱ्याच विचाराचे यंत्र बाहेरून जोडले गेले, तिथे गणित फसले. आणि ते फसेल असे आधीच सांगणारा मनुष्य इतिहासात हेकट म्हणून नोंदला गेला, हे अधिक खटकणारे आहे.

३/
आधी यंत्र समजून घ्यावे. इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा हवेने अडते. पेट्रोल हवे तितके ओतता येते; ते जाळण्यापुरती हवा सिलिंडरात गेली पाहिजे. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर समाधान मानते. सुपरचार्जर हीच हवा दाबून आत कोंबतो. लोहाराच्या भात्याची गोष्ट याहून वेगळी नाही : कोळसा तोच, चूल तीच, वारा वाढला की ज्वाळा वाढते.
ही उपमा केवळ सोयीची नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या दोन पाळ्यांच्या हवापंपाचे पेटंट घेतले, तो पुढे भट्ट्यांना वारा घालण्यासाठीच वापरला गेला. ब्लोअर बेंटलीवर बसला तो त्याच घराण्यातील पंप होता.

४/
परंतु भाता जोरात चालवला की चूलही तापते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त उष्णता, पिस्टनवर जास्त दाब. तोच दाब पुढे कनेक्टिंग रॉडवर, क्रँकशाफ्टवर आणि बेअरिंगवर. व्हॉल्व्ह अधिक तापतात. शिवाय भाता फिरवण्याचे श्रमही त्याच इंजिनाला करावे लागतात. म्हणजे सुपरचार्जर ही भेट नसून उचल आहे, आणि तिचे व्याज इंजिनाचा प्रत्येक भाग भरत असतो. दहा मिनिटांच्या चढाईच्या शर्यतीत हे व्याज जाणवत नाही. चोवीस तासांच्या शर्यतीत पुरी वसुली होते.

५/
आता ज्या इंजिनावर हा प्रयोग झाला ते पाहू. बेंटलीच्या 'साडेचार लिटर' गाडीचे चार सिलिंडरांचे इंजिन ४,३९८ सीसीचे, १०० मिलिमीटर व्यासाचे व १४० मिलिमीटर धावेचे. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग. रस्त्यावरच्या गाडीत सुमारे ११० अश्वशक्ती. लांब धाव, शांत गती, दिवसभर न थकणारी चाल. ते घडवणारे डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी उमेदवारी केली होती डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात, वाफेच्या इंजिनांवर. त्यांच्या गाड्यांत आगगाडीचा स्वभाव उतरला तो उगाच नव्हे.
अधिक ताकद हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, हे त्यांचे सरळ उत्तर होते. म्हणून त्यांनी सहा सिलिंडरांची, साडेसहा लिटरहून मोठ्या इंजिनाची 'स्पीड सिक्स' पुढे आणली. सुपरचार्जर म्हणजे त्यांच्या दृष्टीने इंजिनाच्या मूळ रचनेचा विपर्यास होता.

६/
येथे एक विरोधाभास आहे, आणि तो पुष्कळदा डब्ल्यू. ओ. यांच्याविरुद्ध वापरला जातो. दुसऱ्याच्या इंजिनात हात घालूनच त्यांची स्वतःची कारकीर्द सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धापूर्वी ते आणि त्यांचा भाऊ लंडनमध्ये डीएफपी या फ्रेंच गाड्या विकत. १९१३ मध्ये कारखान्याच्या भेटीत त्यांना टेबलावर ॲल्युमिनियमचे पिस्टनच्या आकाराचे एक शोभेचे वजन दिसले. त्या काळी पिस्टन ओतीव लोखंडाचे असत. डब्ल्यू. ओ. यांनी तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे पिस्टन करवून घेतले आणि त्या गाडीने ब्रुकलँड्सवर विक्रम केले.
मग बर्किनलाच आडकाठी का? उत्तर पदार्थविज्ञानात आहे. हलका पिस्टन इंजिनावरचा ताण कमी करतो. क्रँकशाफ्ट, रॉड, बेअरिंग सारेच थोडे सुटकेचा श्वास घेतात. सुपरचार्जर ताण वाढवतो. दोन्हींना 'सुधारणा' हा एकच शब्द लावला की भेद झाकला जातो. घरच्या कार्यशाळेत इंजिनावर हात चालवणाऱ्या कोणालाही हा भेद आजही पहिल्याच दिवशी कळायला हवा.

७/
बर्किनची बाजूही समजून घ्यावी. तो मूर्ख नव्हता. नॉटिंगहॅमच्या लेस-व्यापारातील धनिक घराणे, पहिल्या महायुद्धातील वैमानिक, शर्यतीत निर्भय. १९२८ मध्ये युरोपातील शर्यतींत साडेचार लिटर बेंटलीला सुपरचार्जर लावलेल्या मर्सिडिझ मागे टाकत आहेत, हे त्याने चालकाच्या आसनावरून पाहिले होते. आणखी जड, आणखी मोठे इंजिन हे त्याला उत्तर वाटत नव्हते. त्याचे निदान बरोबर होते. औषध चुकले.

८/
कारखान्याचा कर्ता विरोधात असल्याने बर्किनने वेलिन येथे स्वतःची कार्यशाळा काढली. सुपरचार्जरची रचना अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स या कुशल अभियंत्याने केली. शर्यतगाड्यांना सुपरचार्जर बसवण्यात त्याचा हात आधीच बसलेला होता. पैसा कमी पडू लागला तेव्हा डोरोथी पॅजेट ही श्रीमंत तरुणी पाठीशी उभी राहिली.
पण ल मांच्या नियमाप्रमाणे तशाच ५० गाड्या विक्रीसाठी बनल्या पाहिजेत, आणि ते काम खाजगी कार्यशाळेचे नव्हे. बर्किन कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांच्याकडे गेला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या वारशावर श्रीमंत झालेल्या बार्नाटोंनी १९२६ मध्ये बुडती कंपनी सावरली होती, तेव्हापासून डब्ल्यू. ओ. यांचे नाव रेडिएटरवर होते, अधिकार मात्र दुसऱ्याकडे. बार्नाटोंनी होकार दिला.

९/
जोडणी कशी होती? सुपरचार्जर बसवला तो रेडिएटरच्या पुढे, चासीच्या दोन पुढच्या टोकांच्या मध्ये. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाने तो थेट फिरे. पट्टा नाही, सुटा करण्याची सोय नाही. दोन कार्ब्युरेटर त्याच्याच कुशीला. तेथून पेट्रोल-हवेचे मिश्रण लांब नळीतून मागे इंजिनाकडे जाई. गाडीच्या नाकावर बाहेर लटकणारे ते धातूचे धूड आजही तिची ओळख आहे, आणि नीट पाहिले तर तिच्या दुखण्याचे चिन्हही तेच आहे. बॉनेटखाली त्याला जागा नव्हती, कारण त्या इंजिनाची आखणी करताना तो कोणाच्या मनातच नव्हता. शिवाय एवढे वजन पुढच्या टोकाला.
आतले भागही भक्कम करावे लागले. फळ मिळाले हे नाकारता येत नाही : विक्रीच्या गाडीत १७५ अश्वशक्ती, शर्यतीच्या गाडीत सुमारे २४०.

१०/
आकडा मिळाला, टिकाव मिळाला नाही. १९२९ मध्ये ब्रुकलँड्सवरील पदार्पणातच गाडी शर्यत पुरी करू शकली नाही. त्याच वर्षी अल्स्टरच्या आर्ड्स येथील टुरिस्ट ट्रॉफीत बर्किन अकरावा आला. त्या दिवशी त्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसले होते प्रत्यक्ष डब्ल्यू. ओ. बेंटली. ज्या यंत्राला त्यांचा कडाडून विरोध होता, त्याच्याच मागे बसून, त्याचा आवाज ऐकत त्यांनी ती सारी शर्यत काढली. हेकट माणूस असे करत नाही.

११/
आता पुन्हा १९३० च्या ल मांकडे. बर्किनने ६ मिनिटे ४८ सेकंदांत एक फेरी मारून विक्रम केला. रात्री मर्सिडिझ विजेच्या बिघाडाने बाद झाली. रविवारी सुरू असलेल्या दोन्ही ब्लोअर इंजिने खचल्यामुळे बाद झाल्या. (तिसरी सुरुवातीच्या रेषेपर्यंतही आली नव्हती.) जिंकली बार्नाटो आणि किडस्टन यांची स्पीड सिक्स, दुसरीही स्पीड सिक्सच.
यावरून 'बर्किनने स्वतःचा बळी देऊन मर्सिडिझला दमवले' ही कथा लिहिली गेली. कथा सुंदर आहे, बाजीप्रभूंची आठवण करून देणारी. पण मर्सिडिझ थांबली ती दिव्यांना आणि प्रज्वलनाला वीज उरली नाही म्हणून. पाठलागाने विजेचा बिघाड होतो, हे मानायला बरीच श्रद्धा लागते. बर्किन ज्या तऱ्हेने धावला ती त्याची नेहमीचीच तऱ्हा होती. त्यात बलिदान शोधणे म्हणजे पराभवाला नंतर शिवलेला अंगरखा.

१२/
मर्सिडिझचा सुपरचार्जर कसा होता, हेही पाहण्यासारखे आहे. तो सतत चालत नसे. चालकाने पेडल तळापर्यंत दाबले की क्लचने तो जोडला जाई, पाय उचलला की सुटे. म्हणजे उचल घ्यायची ती गरजेपुरती, ओव्हरटेकच्या क्षणी. बर्किनच्या इंजिनाला ही मुभाच नव्हती. ते चालू असेतो भाता चालूच.

१३/
ब्लोअरच्या बाजूने सर्वांत बलवान साक्ष द्यायची तर पो येथील शर्यतीची. सप्टेंबर १९३० मधील फ्रेंच ग्रां प्री, प्रतिस्पर्धी बहुतेक हलक्या बुगाटी. बर्किन दिवे काढून टाकलेली अजस्र बेंटली घेऊन गेला आणि एतांसलँच्या बुगाटीमागे दुसरा आला. रणगाड्याने घोड्यांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवावा तसे. पण ही शर्यत चोवीस तासांची नव्हती, हेही तिथेच लिहून ठेवले पाहिजे.

१४/
या साऱ्या वादाचा निकाल लावणारा पुरावा मात्र पुढच्या वर्षीचा आहे, आणि दंतकथा सांगणारे नेमका तोच गाळतात. १९३१ ची ल मां शर्यत जिंकली अर्ल हाउ आणि टिम बर्किन यांनी. गाडी अल्फा रोमिओ 8सी नव्हे, देवनागरीत म्हणायचे तर '८सी २३००'. इंजिन केवळ २.३ लिटरचे, ब्लोअरच्या निम्म्याच्या आसपास. आणि त्याला सुपरचार्जर होता. ल मां जिंकणारी ती पहिली सुपरचार्जरयुक्त गाडी. चोवीस तासांत तिने ३,००० किलोमीटरचा टप्पा प्रथमच ओलांडला.
त्याआधी १९२९ मध्ये हाच बर्किन बार्नाटोंबरोबर जिंकला होता, सुपरचार्जर नसलेल्या स्पीड सिक्समध्ये. म्हणजे चालक एकच. भात्याशिवाय घडवलेल्या इंजिनाने तो जिंकला, भात्यासह घडवलेल्या इंजिनानेही जिंकला. फक्त मधल्या वर्षी, स्वतःच्या हट्टाच्या गाडीत हरला. अल्फाचे इंजिन आखताना व्हित्तोरिओ यानोने सुपरचार्जर पहिल्या रेषेपासून धरला होता. उसना श्वास आणि स्वतःचा श्वास यांतले अंतर ते हेच.

१५/
याच्या उलट टोकाचा एक आरोपही ऐकू येतो : ब्लोअरने बेंटली कंपनी बुडवली. तोही मान्य होण्यासारखा नाही. ५० गाड्यांचा भार कंपनीला झेपणारा नव्हता हे खरे; पण १९३१ च्या जुलैत ती दिवाळखोरीत गेली तेव्हा जागतिक मंदी ऐन भरात होती आणि अतिमहाग 'आठ लिटर' गाडीला गिऱ्हाईक उरले नव्हते. बार्नाटोंनी पुन्हा पैसा ओतण्यास नकार दिला. वर्षअखेरीस रोल्स-रॉइसने कंपनी विकत घेतली. बर्किनच्या हट्टावर एवढे मोठे पाप टाकणे म्हणजे त्या हट्टाला नको तितका मोठेपणा देणे होय.

१६/
पॅजेटने १९३० च्या अखेरीस संघ मोडला, पण एकआसनी ब्लोअर राखून ठेवली. मार्च १९३२ मध्ये बर्किनने तिच्यातून ब्रुकलँड्सच्या बाह्य वर्तुळाचा विक्रम केला : ताशी १३७.९६ मैल. एकच फेरी, पूर्ण दाब, मग विसावा. त्या इंजिनाला मानवणारे काम अखेर सापडले होते. पुढच्याच वर्षी, जून १९३३ मध्ये बर्किन वारला. वय अवघे ३६.

१७/
१९५३ मध्ये इयन फ्लेमिंगने आपल्या पहिल्या कादंबरीत जेम्स बाँडला व्हिलियर्सचा सुपरचार्जर बसवलेली साडेचार लिटर बेंटली दिली, आणि हरलेली गाडी घराघरांत पोहोचली. स्पीड सिक्सने दोनदा ल मां जिंकूनही तिला असा लेखक भेटला नाही. बर्किनची एकआसनी २०१२ मध्ये लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. त्यानंतर काही वर्षांनी बेंटली कंपनीने बर्किनच्या संघातील मूळ गाडीचा एकेक भाग मोजून नव्या १२ ब्लोअर घडवायला घेतल्या. त्यांच्या नाकावर तोच भाता आहे, आणि त्याच्या मागे रेडिएटरवर नाव आहे ते डब्ल्यू. ओ. यांचे.