हळद-लसूण आणि मानमोडी

आर्णीकडच्या अंगणांत कोंबड्यांना हळद-लसणाचे पाणी पाजताना तुम्ही पाहिले असेल. शेवग्याचा पालाही जरूर घाला. त्यातील कॅरोटिनपासून कोंबडीला अ-जीवनसत्त्व मिळते. हा झाला आहार. पण मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूचा रोग. तो हळदीने बरा होत नाही. एखादी कोंबडी वाचली, तर हळद न घेतलेल्या किती वाचल्या, हे कोणी मोजले का?

खरी ढाल लसीची. पिलाच्या डोळ्यात पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, मग ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर आर-टू-बीची सुई. अडचण एवढीच, की कुपीत १०० किंवा अधिक मात्रा असतात आणि फोडलेली कुपी टिकत नाही. चार कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? तेव्हा आळीतल्या निरोगी कोंबड्यांची यादी तुम्हीच करा आणि गुरांच्या दवाखान्यात न्या.