कायद्याच्या इंग्रजीपुढें मान तुकवावी काय?

भारतीय पारपत्रांत राष्ट्रपतींच्या नांवानें छापलेली विनंती पुष्कळांनीं पाहिली असेल, वाचली थोड्यांनींच. पारपत्र धारण करणाऱ्यास ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊं द्यावें, असें तींत म्हटलें आहे. ‘लेट’ म्हणजे परवानगी देणें, एवढेंच पाठ केलेला विद्यार्थी येथें बुचकळ्यांत पडतो. कारण ‘परवानगीवांचून जाऊं द्या’ असा विपरीत अर्थ निघूं लागतो! वस्तुतः हा ‘लेट’ निराळा. जुन्या इंग्रजींत ‘अडविणें’ या अर्थाचा एक स्वतंत्र धातु होता. झिजत झिजत त्याचें रूप परवानगीच्या ‘लेट’सारखें झालें आणि तो बोलण्यांतून उठून गेला, कायद्याच्या दारांत मात्र अद्याप उभा आहे. टेनिसमध्यें सर्व्हिसचा चेंडू जाळीस घासून पलीकडे योग्य जागीं पडला म्हणजे ‘लेट’ पुकारतात, तोही हाच.

असले शब्द दिसतांच ‘हें वकिलांचें काम’ म्हणून पान उलटण्याची जी संवय आमच्या विद्यार्थिवर्गांत आहे, ती आम्हांस घातक वाटते. या शब्दांत गूढ असें फार थोडें असतें. असतो तो इतिहास. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें न्यायसभेंत फ्रेंच भाषा नांदूं लागली. लोकांस ती कळत नाहीं, सबब वादविवाद इंग्रजींत व्हावे, असा कायदा १३६२ सालीं झाला. आणि गंमत अशी कीं, तो कायदाच फ्रेंच भाषेंत लिहिलेला होता. दोन भाषांच्या या संसारांतून ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशा जोड्या रूढ झाल्या. दोन शब्द आहेत म्हणून दोन निरनिराळ्या वस्तु शोधीत बसूं नये. आपल्या ‘कागदपत्रां’त फारशी कागद व संस्कृत पत्र शेजारीं नांदतात, ‘धनदौलतीं’तही तोच प्रकार आहे, तेथें कोणी अडखळत नाहीं.

परंतु सर्वच शब्द असे निरुपद्रवी नसतात. कर्जाच्या कागदावर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असें असतें. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, हें शाळेंत शिकलेलें. तेव्हां चौघांनीं मिळून चार लाख रुपये काढले तर आपल्या वांट्यास एक लाख, असें सहीं करणारा समजतो. येथें ‘सेव्हरली’चा अर्थ ‘पृथक्पणें’ असा आहे. म्हणजे धनको त्या चौघांपैकीं कोणाही एकाकडून सगळे चार लाख मागूं शकतो. मग त्या बिचाऱ्यानें इतर तिघांकडून त्यांचा त्यांचा वांटा वसूल करीत फिरावें. जामीनदाराची स्थितीही याहून बरी नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानें, करारांत निराळें कांहीं ठरलें नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आणि आधीं ऋणकोस गांठा, मग माझ्याकडे या, असें म्हणण्याची सोय त्याला सामान्यतः नसते. शेजारधर्म म्हणून ‘नुसती सही’ करणाऱ्यांचीं घरें ज्या दोन शब्दांवर अडकतात, ते पदवीधरांनाही उमगूं नयेत, ही आमच्या इंग्रजी शिक्षणाची शोभा नव्हे.

आतां उलट्या टोंकाचा दोष. निबंधांत ‘प्रायमा फेसी’, ‘बोना फाइड’ हे शब्द मिरविणारे लेखकही आमच्या पाहण्यांत आहेत. पहिल्याचा अर्थ ‘प्रथमदर्शनीं’ एवढाच. ‘सिद्ध झालें’ असा नव्हे, आणि घोटाळा होतो तो नेमका येथेंच. मराठींत उत्तम शब्द असतां हा उसना दागिना कशाला?

खरा दोष अर्थात् लिहिणाऱ्यांचा आहे. ज्याला कागद बांधून घेणार, त्याला तो समजावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं, आणि मराठी प्रत मागण्यांत कमीपणाही नाहीं. परंतु ती सुधारणा होईतों शाळांनीं स्वस्थ कां बसावें? वरच्या वर्गांत महिन्यांतून एक तास भाडेपट्टा, विम्याचा कागद, जामीनखत असा एखादा नमुना फळ्यावर लिहून त्याचा अर्थ लावावा, अशी आमची शिक्षकवर्गास सूचना आहे. व्याकरणाचे कांहीं धडे मागें पडतील; पडूं द्यावे.