एक्स-रे चांगला, तरी पाय लंगडाच?

बांधावरून उडी मारताना टाचेमागे ‘कट्’ असा आवाज येतो आणि माणूस खाली बसतो. कोरीटहून नंदुरबारला नेऊन एक्स-रे काढतात. हाड शाबूत निघते. मग घरी तेल लावून चोळणे सुरू! इथेच घात होतो. स्नायूला हाडाशी बांधणारी शीर, म्हणजे कंडरा, एक्स-रेत नीट दिसतच नाही.

रोग्याला पालथे झोपवून डॉक्टर पोटरी दाबून पाहतात. पाऊल हलले नाही तर टाचेची कंडरा तुटल्याची दाट शंका. ही तपासणी बिनखर्चाची आहे, ती करा असे जरूर सांगावे. पुढे सोनोग्राफी. ती काय फक्त गरोदर बाईचीच असते? घोटा हलवताना कंडरा सरकते की नाही, हे तिच्यात समोर दिसते. मात्र करणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज, सांध्यातली कूर्चा, खोलवरची इजाही कळते. पण तो महाग. शंका फिटली नाही किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तेव्हा तो काढावा. त्याच्यासाठी आधीच कर्ज काढू नये. पेसमेकर असल्यास अगोदर सांगावे.

उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेले बरे. महिना उलटला की जोडणी अवघड होते. तोवर चोळू नये, पायावर भार देऊ नये.