दाढेचा नंबर लिहा

तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्लीकडची आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीकडची माणसे अंगावर काढलेली दुखणी घेऊन शहर गाठतात. दाढदुखी त्यातलीच. डॉक्टर सांगतात, रूट कॅनाल करावे लागेल, वर कॅप बसवावी लागेल. पैसे मोजले जातात आणि हातात चिठ्ठी पडते: ‘आरसीटी, कॅप’, खाली रक्कम. कोणती दाढ, कॅप कशाची, काही नाही. पुष्कळदा चिठ्ठीसुद्धा नसते.

लबाडीला वाव मिळतो तो इथे. मागच्या दाढेत काय केले ते रुग्णाला स्वतःला दिसत नाही. नुसती कीड काढून सिमेंट भरले तरी भागणाऱ्या दाढेचे रूट कॅनाल करता येते. आतून धातूची असलेली कॅप महागड्या झिर्कोनियाच्या भावाने लावता येते. बाहेरून दोन्ही पांढऱ्याच. रुग्ण माडिया किंवा तेलुगू बोलणारा आणि कागद इंग्रजीत, मग विचारणार कोण? सगळे दंतवैद्य असे वागत नाहीत. पण जो प्रामाणिक आहे त्याला नीट बिल देण्यात अडचण कसली?

आणि नीट बिल म्हणजे फार काही नाही. प्रत्येक दाताला ठरलेला नंबर असतो. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे 36. तो नंबर बिलावर हवा. कॅप कशाची, ते हवे. रूट कॅनालच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे हवा. काम चोख झाले असेल तर नंतरच्या एक्स-रेत मुळांच्या टोकापाशी पोचलेल्या पांढऱ्या रेघा दिसतात. दुसऱ्या डॉक्टरला तो एक्स-रे दाखवला की मिनिटभरात कळते.

दंतवैद्यांच्या 2014 च्या आचारसंहितेत उपचाराआधी फी सांगणे आणि नोंदी जपून ठेवणे आहेच. पण दरफलक लावण्याची सक्ती राज्याने जानेवारी 2021 मध्ये केली ती नर्सिंग होमच्या नियमांतून. ज्या दवाखान्यात खाट नाही, नुसती खुर्ची आहे, तो त्यातून सुटला. दातांचे बहुतेक दवाखाने खुर्चीचेच. ही पळवाट सरकारने बंद करायला हवी.

या दोन जिल्ह्यांत प्रश्न पैशापुरता राहत नाही, कारण इथे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली पुडी तरुण पोरांच्याही खिशात असते. वर्षानुवर्षे खर्रा खाल्ल्यावर गाल आतून ताठरतात, तोंड दोन बोटेही उघडत नाही. असा माणूस दाढ दुखते म्हणून खुर्चीत बसतो, तेव्हा त्याच्या गालातला पांढरा चट्टा पाहणारा पहिला, कदाचित एकमेव, डॉक्टर म्हणजे हा दंतवैद्यच असतो. त्याने चट्टा बाजूला ठेवून सफाई आणि कॅपचे पैसे घेतले, तर कर्करोगाच्या तपासणीचे महिने वाया जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तो माणूस लवकर परत येत नाही. बिलातल्या सगळ्या लबाड्यांपेक्षा मला ही मोठी वाटते, आणि ती कोणत्याही बिलावर दिसत नाही.

आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य आहेत तिथे आधी तोंड दाखवावे, हे आशाताईंनी गावात सांगावे. फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फीसुद्धा लागत नाही. मात्र आयोगापुढे कागद लागतो. राज्य दंत परिषदेने मराठीत बिलाचा एक छापील नमुना ठरवून द्यावा: दाढेचा नंबर, केलेले काम, वापरलेले साहित्य, रक्कम, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, आणि एक रकाना गालाच्या, जिभेच्या तपासणीचा. तेंदूच्या पुढच्या हंगामाआधी तो या दोन जिल्ह्यांत पोचवता येईल.