हॉल बुक करण्याआधी

आमच्या ऑफिसमधली एक मुलगी मागच्या महिन्यात डबा खाताना म्हणाली, "ताई, लग्न ठरलंय. सुरुवात कुठून करू?" तिच्या फोनमध्ये हॉलचे फोटो होते, लेहंग्यांचे होते, प्री-वेडिंग शूटवाल्याचे दर होते. मुलगा दुसऱ्या जातीचा. दोन्ही घरं 'हो' म्हणाली आहेत, पण मनापासून नाही. मी विचारलं, नोटीस दिली का? तिला वाटलं, मी नोकरीच्या नोटीस पिरियडबद्दल बोलतेय.

तिचा दोष नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवी घेतलेलं आपणच पहिले, आणि लग्नाचा कागद बघितलेलंही आपणच पहिले. माझ्या आईबाबांचं लग्न मांडवात लागलं, आईचं नाव रेशन कार्डावर चढलं, संपलं. नोंदणी वगैरे कुणाला माहीत!

मी अकोला जिल्ह्यातली, बौद्ध. नवरा मदुराईकडचा, तिथल्या मागास जातीतला. दोघंही नोकरीला हैदराबादला. त्याच्याकडे पेरियारांच्या चळवळीतून आलेल्या आत्मसन्मान विवाहाची रीत आहे: भटजी नाही, मोठ्यांची भाषणं, एकमेकांना हार घालायचे. तामिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून अशा लग्नांना मान्यता दिली. माझ्या आईला विहारात त्रिशरण-पंचशील हवं होतं. दोन्ही आम्हाला हवंच होतं. पण ती दुरुस्ती तामिळनाडूपुरती आहे, आणि दोन रीतींच्या मध्ये आमचा कागद लटकू नये म्हणून आम्ही १९५४चा विशेष विवाह कायदा निवडला. विधी त्यानंतर, आपापल्या गावी.

या कायद्यात नोटीस त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची, जिथे दोघांपैकी एक जण आधीचे किमान ३० दिवस राहत आहे. नोटीस फलकावर लागते, आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जादा फी भरून हे लग्न कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या हॉलमध्येही लावता येतं, आणि 'मी तुला कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो' हे वाक्य दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हणता येतं. मी मराठीत म्हणाले. नवऱ्याला ते कळावं म्हणून आठवडाभर शिकवणी घेतली.

आमचं अडलं ते कागदावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या वडिलांचं नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलं ते लिहिलं. प्रतिज्ञापत्र करण्यात दहा दिवस गेले. तुमचे कागद आजच शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि मुलींनो, नाव बदलायची घाई नको. पदवी, जातीचा दाखला, वैधता सगळं माहेरच्या नावावर असतं, आणि नाव बदललंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

घरून विरोध असेल तर नोटिशीचे ३० दिवस सगळ्यात कठीण. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या फलकावरही लागते, म्हणजे बातमी गावात पोचते. त्याआधी मूळ कागद घरातल्या पेटीतून काढून भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याचे निर्देश दिले आहेत. आपल्या जिल्ह्यात ते कुठे आहे, हे नोटीस देण्याआधी विचारून घ्या.

एकाच समाजातलं लग्न असेल आणि विहारातच लावणार असाल तर बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागतो. त्यात विधी न करता नुसतं प्रमाणपत्र आणलं तर लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. म्हणून आधी विधी, त्याचे फोटो, साक्षीदारांची नावं, मग नोंदणी.

आता पैशाचं. माझ्या दादाच्या लग्नाला साडेतीन लाख लागले. त्यातले दोन लाख बचत गटाचे आणि एका सावकाराचे. हप्ते चार वर्षं चालले. त्याच वर्षी धाकटीचा नर्सिंगला नंबर लागला होता, फी भरायला पैसे नव्हते. ती आज दुकानात काम करते. दादा त्या लग्नाचा अल्बम काढत नाही.

तरीही 'साधेपणाने करा' असा उपदेश मी करणार नाही. ज्यांच्या वरातीला कुणी कधी दगड मारला नाही त्यांनी तो करावा. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कासगंजमध्ये एका दलित वराला गावातून वरात नेता यावी म्हणून कोर्टापर्यंत जावं लागलं, शेवटी पोलिस बंदोबस्तात ती निघाली. वरात काढू न देणं, घोड्यावर बसू न देणं हा २०१५च्या दुरुस्तीपासून ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. काढायची असेल तर जरूर काढा. ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. फक्त घोडी कुणाच्या कर्जावर येते, एवढं बघा.

आम्ही दोघांनी आधी आकडा ठरवला, मग घरच्यांना सांगितला. एक लाख दहा हजार, दोघांच्या पगारातून. आई दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं: "अख्ख्या वस्तीच्या पंगतीत जेवले मी, आता माझ्या दारात कुणी जेवू नये?" मग हॉल गेला, डीजे गेला, पंगत राहिली. विहारासमोर मांडव, वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. आहेर घ्यायचा नाही म्हटलं तरी आईने वही उघडलीच. प्रत्येकाचे दहा-वीस रुपये तिने लिहून घेतले, कारण ते परत करायचे असतात. ती वही बंद करणं मला जमलं नाही.

काल त्या मुलीचा मेसेज आला: "ताई, दाखल्यावर आडनाव वेगळं निघालं." मी विचारलं, हॉलला ॲडव्हान्स दिला नाहीस ना अजून?