एकविसावा वाढदिवस

आषाढाच्या सुमारास आपल्या इंदूर, बडोदे, बेळगावच्या घरांतून कोणी ना कोणी शिक्षणासाठी परगावी निघते. गादी, चिवड्याचा डबा, गुणपत्रिकांच्या नकला, सारे आठवणीने बांधले जाते. आजारपणाचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न मात्र ‘वडिलांच्या नोकरीत सोय आहेच’ एवढ्यावर मिटतो. ही सोय मुलाच्या कोणत्या वयापर्यंत आहे, हे पाहणारे पालक थोडेच.

कर्मचारी राज्य विमा योजनेत, विमाधारकाच्या कमाईवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या व शिक्षण घेणाऱ्या मुलास वयाच्या २१ वर्षांपर्यंतच वैद्यकीय लाभ मिळतो. अवलंबून असलेल्या अविवाहित कन्येस ही मर्यादा नाही. म्हणजे अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष चालू असतानाच मुलाच्या डोक्यावरील छत्र निघून जाते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत मुलासाठी ही मर्यादा २५ वर्षे आहे. मात्र त्याआधी तो कमावू लागला वा त्याचा विवाह झाला, तर लाभ तेथेच थांबतो. आयुष्मान भारत योजनेत वयाची अट नाही. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार परराज्यातील संलग्न रुग्णालयातही मिळतात. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच.

खाजगी कंपन्यांच्या बहुतेक कौटुंबिक पॉलिसींत मुले साधारणतः २५ वर्षांपर्यंत सामावतात. मर्यादा गाठण्यापूर्वीच त्याच कंपनीकडे मुलाची स्वतंत्र पॉलिसी करून घेतल्यास आधी भोगलेला प्रतीक्षाकाल वाया जात नाही. खंड पडला की तो नव्याने मोजावा लागतो. दमा वा मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत हा काळ ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. तेव्हा तेथे हयगय परवडणारी नाही.

कर्मचारी राज्य विम्याखालील कुटुंबांनीही एकविसाव्या वर्षाची वाट पाहू नये. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिले ३० दिवस सहसा संरक्षण नसते. तरुण वयात हप्ता कमी बसतो, शिवाय सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर नाही.

महाविद्यालय शुल्कात विम्याची रक्कम घेत असेल, तर तो विमा कशाचा, हे अवश्य विचारावे. पुष्कळदा तो केवळ अपघातापुरता असतो. वसतिगृहातल्या काविळीला वा डेंग्यूला त्याचा उपयोग नाही.

सामान बांधताना विम्याच्या कार्डाची नक्कल आणि महाविद्यालयाजवळच्या संलग्न रुग्णालयाचे नाव मुलाजवळ द्यावे. आणि घरच्या दिनदर्शिकेवर त्याच्या वाढदिवसाची खूण करतो, तशीच त्याआधी दोन महिन्यांवर आणखी एक खूण करून ठेवावी. ती विम्याचे कागद काढण्याची.