वेडा म्हटले की सुटले

कॅलिग्युलाचा खून नाटकाच्या खेळातून उठून जाताना झाला. तारीख २४ जानेवारी, इ. स. ४१. रोममधल्या पॅलाटिन टेकडीवर ऑगस्टसच्या स्मरणार्थ खेळ चालू होते. त्या दिवशीच्या प्रहसनात नायकाने पळता पळता पडून रक्त ओकायचे होते. दुय्यम नटांनीही चढाओढीने तीच करामत करून दाखवली आणि रंगमंच लालेलाल झाला. दुपारी जेवणासाठी सम्राट उठला. अरुंद वाटेने जाताना, आशियातून आलेली मुले खेळाची तयारी करत होती, तिथे बोलत थांबला. त्याच्याच रक्षकदलाचा अधिकारी कॅसियस केरीआ याने तिथे त्याच्यावर तलवार चालवली. सम्राटाचे वय २८. राज्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यानंतर हा माणूस रंगमंचावरून कधी उतरलाच नाही, आणि 'वेडा' हा शिक्काही त्याच्यावरून पुसला गेला नाही. हा शिक्का सोयीचा आहे, आणि ती सोय कोणाची हे पाहिले पाहिजे.

आधी पुराव्याचे बोलू. टॅसिटसच्या इतिहासातला कॅलिग्युलाचा भाग हरवला आहे. सुएटोनियसने त्याचे चरित्र लिहिले ते खुनानंतर सुमारे ८० वर्षांनी. कॅसियस डिओ तर तिसऱ्या शतकातला. बाय येथील आखातावर नावांचा पूल बांधून सम्राट घोड्यावरून का गेला, याचे कारण सुएटोनियस लहानपणी आजोबांकडून ऐकल्याचे सांगतो, आणि आजोबांनी ते दरबारातल्या लोकांकडून ऐकलेले. घोड्याला कॉन्सल केल्याची गोष्ट जगभर सांगितली जाते. सुएटोनियसने लिहिले आहे ते एवढेच, की तसा त्याचा विचार होता म्हणतात. बाल्सडन, बॅरेट, विंटरलिंग या आधुनिक अभ्यासकांनी ही जळमटे बरीच झाडली. म्हणून कॅलिग्युला निर्दोष ठरत नाही. चुलतभाऊ गेमेलस आणि ज्याच्या आधाराने गादी मिळाली तो मॅक्रो, दोघांनाही त्याने आत्महत्या करायला लावली. क्रौर्य खरे आहे. मात्र वेड हे त्याचे स्पष्टीकरण होत नाही, आणि वेड हे कारण मान्य केले की आजूबाजूचे सगळे आयते निर्दोष सुटतात.

हे सगळे कोण? इ. स. ३७ च्या मार्चमध्ये सिनेटने २४ वर्षांच्या या तरुणाला राज्याचे सगळे अधिकार एकदम देऊन टाकले. त्याने ना सैन्य चालवले होते, ना प्रांत. लोकप्रिय सेनापती जर्मानिकसचा मुलगा, एवढे पुरे झाले. त्या मे महिन्यात लुसितानियातल्या, म्हणजे आजच्या पोर्तुगालमधल्या आरिटियम या गावच्या लोकांनी घेतलेली शपथ कोरीव लेखात सापडली आहे. गायस सीझरचा, म्हणजे कॅलिग्युलाचा, जो शत्रू तो आमचा शत्रू. त्याच्या सुरक्षेपुढे आम्ही स्वतःला आणि पोटच्या मुलांनाही अधिक मानणार नाही. तारीख ११ मे. राज्यारोहणाला दोन महिनेही झालेले नाहीत आणि साम्राज्याच्या पार टोकाचे एक गाव आपली मुले त्याच्यावरून ओवाळून टाकते आहे.

कॅलिग्युला आजारी पडला तेव्हा पोटिटस नावाच्या माणसाने नवस बोलला: सम्राट बरा होऊ दे, माझे प्राण घे. सम्राट बरा झाला आणि त्याने नवस फेडून घेतला. यातले क्रौर्य उघड आहे. पण नवस बोलताना बक्षिसावर डोळा होता, हेही डिओने लिहून ठेवले आहे. लुसियस व्हिटेलियस हा सीरियाचा माजी सुभेदार, कर्तबगार माणूस. चंद्रदेवी माझ्याजवळ आलेली तुला दिसते का, असे सम्राटाने विचारले तेव्हा त्याने नजर जमिनीवर ठेवली आणि सांगितले, की देवांना देवच पाहू शकतात. तो वाचला, पुढेही मानाने जगला.

फिलो हा तर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार. अलेक्झांड्रियाच्या ज्यूंवर झालेल्या अत्याचारांची दाद मागायला गेलेल्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख. सम्राट बागबंगल्यांची पाहणी करत या दालनातून त्या दालनात जातो आहे, खिडक्यांबद्दल हुकूम सोडतो आहे, आणि हे वृद्ध विद्वान मागून धावताहेत. मध्येच तो वळून विचारतो, तुम्ही डुकराचे मांस का खात नाही? हशा पिकतो. फिलो नोंदवतो, की काही जण आनंदाने हसले आणि काही जण खुशामत म्हणून. या दुसऱ्या हशाची दखल इतिहासाच्या पुस्तकांनी फारशी घेतलेली नाही.

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने ती घेतली. 'कॅलिग्युला' हे नाटक त्याने १९३८ साली अल्जीरियात, पंचविशीत, लिहायला घेतले. १९४५ च्या सप्टेंबरात ते पॅरिसच्या तेआत्र एबेर्तोमध्ये आले. मुख्य भूमिकेत तरुण जेरार फिलिप. समोरचा प्रेक्षक नाझी अंमलातून वर्षभरापूर्वीच सुटलेला. काम्यूचा कॅलिग्युला वेडा नाही. बहीण द्रुसिला मरते, जगाला अर्थ नाही असे त्याला दिसते, आणि हे तर्कशास्त्र तो शेवटपर्यंत ताणतो. त्याला चंद्र हवा असतो. सुएटोनियसमधल्या घटना काम्यूने बारकाईने उचलल्या आहेत. मध्यरात्री तीन माजी कॉन्सलना राजवाड्यावर बोलावले जाते. मरण आले असे समजून ते येतात. त्यांना मंचावर बसवतात. बासरीच्या घोषात सम्राट झगा घालून येतो, नाचतो, निघून जातो. काम्यूकडे या प्रसंगाच्या शेवटी सरदारांना या कलेचे कौतुक करावे लागते. म्हातारा मेरेया दम्याचे औषध पितो. ते विषावरचा उतारा ठरवून सम्राट त्याला ठार करतो, आणि नंतर कळते की औषध दम्याचेच होते. बाकीचे पाहत उभे असतात.

आमचे म्हणणे असे, की नाटकाचा प्राण या उभे राहणाऱ्यांत आहे. कॅलिग्युलाची भूमिका नटाला मोहात पाडते. आरसा, चंद्र, किंकाळी यांतच प्रयोग संपतो आणि सरदार हे मागचे पडदे होऊन बसतात. काम्यूही यातून पूर्ण सुटलेला नाही: केरीआ सोडला तर त्याचे सरदार बहुतेक हास्यास्पद आहेत, आणि हास्यास्पद माणसांत प्रेक्षक स्वतःला शोधत नाही. गिरीश कर्नाडांच्या 'तुघलक'बद्दल (१९६४) बोलताना समीक्षक काम्यूच्या या नाटकाची आठवण काढतात. विजय तेंडुलकरांनी 'तुघलक' मराठीत आणले, आणि तुघलकी कारभार असे सहज बोलणाऱ्या आपल्या प्रेक्षकासमोर एक विचारी सुलतान उभा राहिला. त्या नाटकात अझीझसारखा लबाड प्रत्येक फर्मानातून स्वतःचा फायदा काढतो. सुलतानाइतकाच तो ठसठशीत आहे, ही त्या नाटकाची मोठी ताकद. 'कॅलिग्युला' करणाऱ्या दिग्दर्शकाने सरदारांच्या भूमिकांना आपले उत्तम नट द्यावेत.

काम्यूचे नाटक खुनाशी थांबते. रोममध्ये त्यानंतर सिनेट कॅपिटोल टेकडीवर जमले आणि स्वातंत्र्यावर भाषणे झाली. राजेशाही मोडून जुने प्रजासत्ताक आणावे असे काहींचे मत पडले, काहींना स्वतःच सम्राट व्हायचे होते. इकडे रक्षकांनी कॅलिग्युलाचा काका क्लॉडियस याला पडद्यामागून शोधून छावणीत नेले. त्याने त्यांना माणशी १५,००० सेस्टर्स कबूल केले. सिनेटच्या बाजूचे सैनिकही दुसऱ्या दिवशी तिकडे गेले. केरीआला देहदंड झाला. कॅलिग्युलाला एका दिवसात दिलेले अधिकार सिनेटने क्लॉडियसलाही दिले, आणि ते कमी करावेत असा ठराव कोणी आणला नाही.